निव्वळ पन्नास इंच

माईंना मापात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे वाक्य माईंचंच. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर एवढं बोलायचा हक्क मिळतो, असं त्यांचं म्हणणं. त्या बाजारात शिरल्या की तराजू आपोआप सरळ व्हायचे.

त्यामुळे मुलाने फोनवर अट घातली तेव्हा माई जराही डगमगल्या नाहीत. घराभोवतीचं अर्धा एकर गवत महिनाअखेरीपर्यंत त्यांनी स्वतः कापून दाखवायचं. नाही जमलं तर घर विकायचं आणि दोघींनी त्याच्या फ्लॅटवर राहायला जायचं. दोघी म्हणजे माई आणि त्यांची बिनलग्नाची नणंद. चाळीस वर्षं दोघी याच घरात भांडत होत्या आणि माई तिला अजून वन्सं म्हणत होत्या.

"मागच्या महिन्यात ते गवत कापायचं यंत्र ढकलून तुझी पाठ धरली," मुलगा म्हणाला. "सदुसष्ट वय आहे, आई."

"मग बसून कापीन," म्हणून माईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर. गवत कापायच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, पण एकीलाही स्टिअरिंग नव्हतं. त्या जागी दोन दांडे. उजवा दांडा उजव्या मागच्या चाकाचा, डावा डाव्याचा. दोन्ही पुढे लोटले की गाडी पुढे. एक पुढे, एक मागे केला की गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. याला झिरो टर्न म्हणतात, असं विक्रेत्याने सांगितलं. बेचाळीस इंची, पन्नास इंची आणि साठ इंची असे तीन आकार होते.

"काकू, साठच घ्या. मोठं ते चांगलं."

"मोठं ते चांगलं असतं तर लोकांनी हत्ती पाळले असते," माई म्हणाल्या आणि घरी येऊन टेप काढली.

कुंपणाचं फाटक छप्पन्न इंच. पाण्याची टाकी आणि भिंत यांच्यातली फट चोपन्न इंच. म्हणजे साठ बाद. पन्नास इंची गाडी दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडून निघेल, पण हे झालं कागदावर. वळणावर काय? माईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी औषधाच्या दुकानातून एक व्हीलचेअर भाड्याने आणली.

"कोण पडलं?" वन्संनी विचारलं.

"कुणी नाही. बघा ना, दोन मोठी चाकं, दोन्ही वेगवेगळी फिरतात. पुढे दोन भिंगरी चाकं. हेच ते यंत्र, फक्त इंजिन नाही."

मग फ्रिजच्या खोक्याचा पन्नास इंच रुंद पुठ्ठा खुर्चीखाली आडवा बांधला गेला. चाकं फिरावीत म्हणून वन्संनी टाकीजवळची आणि लिंबाच्या झाडाभोवतीची जागा विळ्याने मोकळी करून दिली आणि वही घेऊन उभ्या राहिल्या. माई फिरत होत्या, वन्सं नोंदी करत होत्या. पुठ्ठा फटीतून अलगद निघाला. लिंबाला मात्र दोनदा घासला.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी कुंपणावरून हे पाहिलं. सभ्य माणूस, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कधीपासून हे?"

"आज सकाळपासून," वन्सं वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"पाय अजिबात...?"

"पायांचं कामच नाही यात. सगळं हातांवर."

"अरेरे. माई बऱ्यापैकी जुळवून घेतायत."

"घेणारच. जिद्दी बाई आहे."

डॉक्टरांनी घरात जाऊन लगेच मुलाला फोन केला.

तीन तासांचा रस्ता मुलाने सव्वादोन तासांत कापला. फाटकातून आत आला तो थेट आईच्या पायाशी बसला.

"आई, मला कळवलं का नाहीस?"

"बाजूला हो. उजवं वळण राहिलंय."

"मी खोली रिकामी करून आलोय. बिल्डिंगला लिफ्ट आहे, खुर्ची सहज जाईल."

"कुठली खुर्ची?" माई म्हणाल्या, आणि याला नक्की काय झालंय ते नीट बघण्यासाठी उठून उभ्या राहिल्या.

मुलगा मागे सरकून गवतात बसला. "आई, तू उभी आहेस."

"मग तुझ्यासाठी आडवी होऊ?"

खरा प्रकार कळल्यावर त्याला रडू कमी आणि राग जास्त आला. "पुठ्ठा बांधून व्हीलचेअरवर गरगर फिरणाऱ्या बाईला मी एकटं ठेवू इथे?"

"एकटं?" वन्सं म्हणाल्या. "मी काय कुंपणाचा खांब आहे?"

तेवढ्यात विक्रेता पन्नास इंची गाडी ट्रेलरवर घालून दारात आला. माईंनी प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. पट्टा कसा लावायचा, दांडे कसे धरायचे, हे सगळं त्याने मुलाला समजावून सांगितलं. मुलाने ते ऐकून आईकडे बोट दाखवलं.

"एक फेरी मार. धडकलीस की विषय संपला. आजच सामान बांधायचं."

"कबूल," माई म्हणाल्या.

आणि त्या काय चालवत होत्या! पहिल्या दोन वळणांनंतर विक्रेत्याने खिशातून हात बाहेर काढले. लिंबाला वळसा घालताना एक पान हललं नाही. कुंपणापलीकडून डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग माईंनी मान वळवून मुलाकडे एकदा पाहिलं आणि गाडी टाकीच्या फटीत घातली.

आवाज मोठा झाला. धुण्यासाठी रिकामी केलेली टाकी गडगडत लिंबाखाली गेली, आणि टाकीत पाणी आणणारा पाइप बुडातून मोडून कारंजं उडालं. मुलगा धावला. त्याने दोन्ही तळवे पाइपच्या तोंडावर दाबून धरले.

माई खाली उतरल्या. टेप काढली. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. साडेएकसष्ट.

"पन्नास म्हणाला होतात," त्या विक्रेत्याला म्हणाल्या.

"पन्नास म्हणजे पाती कापतात ती रुंदी, काकू. गवत बाहेर टाकायचं हे तोंड बाजूला आलंय ना, ते धरून साडेएकसष्ट. फाटकातून आणताना मी ते वर दुमडलं होतं."

माईंनी टेप गुंडाळली. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारला होता, डबा धरून की निव्वळ? आणि या दुकानात तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

"धडकलीस," पाण्यातून मुलगा ओरडला. "विषय संपला. आई, सामान बांध."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. हात सोडला तर कारंजं, धरला तर जागचं हलता येत नाही. मग त्यांनी टाकीच्या जागेकडे पाहिलं. टाकी तिथे नव्हतीच. फट आता चांगली सात फुटांची झाली होती.

त्या पुन्हा गाडीवर चढल्या.

"आई! आत्या, मुख्य नळ बंद कर आधी. कुठे आहे तो?"

"बघते हं," म्हणून वन्सं घरात गेल्या.

"काकू, प्रात्यक्षिक दहाच मिनिटांचं असतं," विक्रेता गाडीमागे धावत म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात माईंना काही ऐकू आलं नाही, किंवा आलं असलं तरी त्यांनी दांडे मागे घेतले नाहीत. अर्धा एकर त्या पट्ट्यापट्ट्याने कापत गेल्या. मुलाभोवती गोल सोडून त्यांनी दोनदा वळसा घातला. प्रत्येक वेळी तो काहीतरी ओरडायला जायचा आणि तोंडात पाणी जायचं.

"एवढं मोठं उघडू नका," कुंपणापलीकडून डॉक्टर म्हणाले.

सव्विसाव्या मिनिटाला माईंनी इंजिन बंद केलं. बरोबर त्याच क्षणी पाणीही थांबलं आणि वन्सं हात पुसत बाहेर आल्या.

"धडकले, कबूल," माई उतरता उतरता म्हणाल्या. "निव्वळ माप धरलं, चूक माझी. टाकी मी बसवून घेईन. पण तुझी अट गवताची होती. गवत मोज."

मुलाने मोजलं नाही. ओल्या कपड्यांनी तो नुसता चारही बाजूंना बघत राहिला. मोजण्याइतकं काही उरलंच नव्हतं. मग त्याची नजर आत्यावर गेली.

"आत्या, स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे की नळ. चाळीस वर्षं राहतेस तू इथे."

"वय झालं रे बाबा," वन्सं म्हणाल्या. "आता लक्षात राहत नाही."