लाल धाग्याची बाटली

व्हिस्की गोठ्यात लपवावी, हे प्रेमला एखाद्या हुशार माणसाला सुचावं तसं सुचलं. (हुशार माणसांचं पुढे काय होतं, हे कोणी लिहून ठेवत नाही.)

अमेरिकेत शेतीचं शिकताना त्यानं एका उन्हाळ्यात लहानशा दारूभट्टीवर काम केलं होतं. तिथले लोक जवाला मोड आणत, दलदलीतली कुजकी माती पेटवत आणि तिच्या धुरावर ते जव वाळवत. मग दारू काही वर्षं लाकडी पिंपात झोपायची. निरोपाला मालकानं एक बाटली हातात दिली आणि सांगितलं, वडिलांसोबत उघड.

वडील म्हणजे वामनराव. ते पोळ्याला मित्राकडे थोडी घेत, हे अख्ख्या धामणगाव बढेला ठाऊक होतं; घरात मात्र कोणालाच नव्हतं. अशा बापापुढे पोरानं बाटली ठेवायची तर मुहूर्त हवा. प्रेमनं सीतादहीचा धरला. कापसाच्या पहिल्या वेचणीला पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवतात, तो दिवस.

त्याच दिवशी निकालही होता. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणी सुटली असं सगळ्यांना वाटलं होतं; आता ती पूर्वीपेक्षा वाढली होती. परत आल्याबरोबर प्रेमनं विषाविरुद्ध इतकी भाषणं दिली, की निदान जेवताना तरी ती थांबावीत म्हणून वामनरावांनी नाल्याकाठचे दोन एकर एका हंगामापुरते त्याच्या हवाली केले. पुढच्या साली ते त्याच्याकडे राहणार की नाही, हे वेचणीच्या दिवशी ठरणार होतं. प्रेमला दोन एकर हवे होते. त्याहून जास्त, बापानं आपल्याला जाणता म्हणावं असं वाटत होतं.

त्या दोन एकरांसाठी त्यानं कडुलिंब, सीताफळाचा पाला, गोमूत्र, लसूण आणि मिरची सडवून अर्क केला होता. रंग तपकिरी, वास कोणालाही पळवणारा. वीस प्लास्टिकच्या बाटल्या गोठ्याच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. अमेरिकेच्या दारूलाही तोच रंग आणि धुराचा, दवाखान्याचा उग्र वास. घरात ठेवली असती तर मायनं तासाभरात हुडकली असती. म्हणून त्यानं ती तशाच एका बाटलीत ओतली, गळ्याला लाल धागा बांधला आणि फळीवर एकविसावी बाटली म्हणून उभी केली.

सीतादहीच्या सकाळी तो गोठ्यात गेला. फळीवर सतरा बाटल्या होत्या. सतराही बाटल्यांच्या गळ्यात लाल धागा होता.

"माय, हे धागे कोणं बांधले?"

"म्याच," पुष्पाबाई दहीभात कालवता कालवता म्हणाल्या. "दसऱ्याले फवारणीच्या पंपाची पूजा केली, तवा पाह्यलं. तू एकाच बाटलीले बांधला होता. बाकीच्यायनं काय पाप केलं बाप्पा?"

"आन् चार कमी काऊन आहेत?"

"तीन वावरात मारल्या. एक बशीरभाईच्या घरच्या सरवरीले देली, तिच्या वांग्यायवर."

प्रेम घाबरला नाही. त्याचं नाक भट्टीवर तयार झालेलं होतं. त्यानं पहिली बाटली हुंगली, दुसरी हुंगली. पाचवीपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं. नवव्या बाटलीला नाकानं राजीनामा दिला, आणि अकराव्या बाटलीत त्याला अगदी स्वच्छ अमेरिकेचा वास आला; तीच त्यानं उचलली.

दुपारी बाभळीखाली तिघं बसले. प्रेम, वामनराव आणि कापूस पाहायला आलेले बशीरभाई. बशीरभाई कापसाचे व्यापारी आणि वामनरावांचे लंगोटीयार; दारूला ते शिवत नसत. प्रेमनं तरी मान म्हणून त्यांनाही धरून स्टीलच्या फुलपात्रांत दोन-दोन बोटं ओतली.

"घाईनं नाही प्यायची, बाबा. आधी हुंगायची. मग एक घोट जिभेवर फिरवायचा. पहिले धूर लागते. मग टिंचर. शेवटी जराशी मिरी."

वामनरावांनी हुंगलं. पोराकडे पाहिलं. मग इतक्या दुरून आणलेल्या वस्तूचा मान राखायचा म्हणून डोळे मिटून सगळं एका दमात घशाखाली लोटलं.

"मिरी नाही बापू, मिर्ची लागली," ते डोळे पुसत म्हणाले. "पण चांगली आहे."

प्रेमनं घोट जिभेवर फिरवला. प्लास्टिकमुळे चव थोडी उतरली असेल, असं म्हणत (भट्टीवर शिकवल्याप्रमाणे) आणखी एक घेतला.

बशीरभाईंनी फुलपात्र नुसतं नाकाशी नेलं आणि हळूच खाली ठेवलं.

"बेटा, मी पेत नाही, मले बोलाचा हक नाही. पण परवा आमच्या सरवरीनं वांग्यायवर हेच मारलं."

वामनरावांना लसणाची ढेकर आली. त्यांनी फुलपात्र मातीत पालथं घातलं.

"ज्याले आपली बाटली वळखू येत नाही, त्याच्या हाती म्या वावर कसं देऊ?"

प्रेमनं बाटली उचलून पुन्हा हुंगली. तेवढ्यात वेचणीच्या ओळीतून पुष्पाबाईंनी हाक मारली. "अहो, इकडं या जरा."

बांधाकडच्या चार ओळींवर मावा, ती पानांचा रस शोषणारी कीड, नावाला उरला नव्हता. शेजारच्या ओळी अजून चिकट होत्या.

"तिसऱ्या बाटलीच्या ह्या ओळी," पुष्पाबाई म्हणाल्या. "लय कडक होती ते. झाकण काढलं तं चुलीत डोकं घातल्यावानी वास. अख्खी पंपात वतली."

वामनराव पानं उलटून पाहत राहिले. मग पोराच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथे यावा म्हणून प्रेम सात समुद्र ओलांडून परत आला होता.

"चुकलो म्या. दोन एकर तुहे. फक्त अर्क असाच कडक पाहिजे, याच वासाचा."

ती तिसरी बाटली म्हणजेच दारू होती, हे खरं सांगायला प्रेमनं तोंड उघडलं. गावाला त्यानं विषासोबत खरेपणावरही भाषणं दिली होती. खांद्यावरचा हात जड होता आणि ऊबदार होता. त्यानं तोंड मिटलं.

त्याला तीन वर्षं झाली. बापासोबत ती दारू प्यायची राहिली ती राहिलीच. दर हंगामात प्रेम गोठ्यामागे पऱ्हाटीचा धूर करतो आणि त्यावर कडुलिंबाचा पाला वाळवतो. वामनराव बाटली हुंगतात आणि मान हलवतात.

"नाही जमलं. थे बाटली तुह्या हातची नव्हतीच, तुह्या मायच्या हातची होती."

"म्या काय केलं?" पुष्पाबाई लाजून म्हणतात. "म्या तं फक्त धागा बांधला."

आता गावात पंपात जाणारी प्रत्येक बाटली आधी पुष्पाबाईंकडे धागा बांधायला येते. प्रेमच्याही येतात.