अप्पांचं लाल सोनं

आमचे शेजारी विश्वनाथअप्पा लग्नाच्या पंगतीत बसले की आधी पेला उजेडाकडं धरायचे, मग वास घ्यायचे आणि वाढप्याला विचारायचे, "भांडं धुतलं का?" नवरीच्या बापाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी तिथंच इतिहास शिकवायचो, म्हणून अख्ख्या उदगिरात या माणसाची बाजू सावरायचं काम माझ्या नशिबी.

परदेशात सोन्याच्या कणांवर संशोधन करून हा बाबा आईसाठी परत आला. आडत्याचा पोरगा पाण्यात सोनं कालवतो म्हटल्यावर आमचे सोनारबुवा बाटली बघायला आले. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. हे कसलं सोनं, म्हणून बुवा हसत निघून गेले. अप्पा मला मात्र समजावत बसायचे. कण इतके बारीक, की उजेडात लाल दिसतात, आणि रोगाचं प्रथिन त्यांना चिकटलं की लालाचा निळा रंग होतो. लघवीच्या थेंबावरून किडनीचं दुखणं वेळेत कळावं, एवढाच त्यांचा ध्यास. त्यांचे वडील त्याच दुखण्यानं गेले, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

खोट एकच. पाण्यात जरासा क्षार गेला की सगळंच निळं. मग बरा कोण अन् आजारी कोण, काही कळत नाही.

आणि नेमका दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी, आम्हाला कधीमधी टँकर, तोही मचूळ. आम्ही राखेनं ताटं पुसून त्यातच जेवत होतो, आणि अप्पा आपल्या वाट्याच्या पाण्याची वाफ धरून कॅनमध्ये थेंब थेंब साठवत होते. अख्खी गल्ली त्यांच्यावर खार खाऊन होती. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून पोरं सह्या मागायला आली, तर अप्पांनी विचारलं, "नव्या जिल्ह्यात पाणी कुठलं?" पोरांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मीही घातल्या.

नांदेडहून विद्यापीठाची समिती येणार होती. प्रयोग पटला तर कॉलेजातली अप्पांची प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप. कॅनला कुणाचा हात लागू नये म्हणून अप्पांनी तो देवघरात नेऊन ठेवला. एवढा शिकलेला माणूस! रोज सकाळी तिथंच अव्वा, म्हणजे त्यांची आई, भस्म लावलेलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसते, हे काही सुचलं नाही.

समितीसमोर अप्पांनी कॅनमधलं पाणी मोजून घातलं. देवघरातून आणलेलं, म्हणून तेवढं एक भांडं त्यांनी उजेडाकडं धरलं नव्हतं. निरोगी माणसाचा नमुना निळा झाला. रोग्याचाही निळाच. मग त्यांनी कॅन खिडकीशी नेला. तळाशी भस्म बसलं होतं.

त्यांनाही कळलं, मलाही. आता डोकं फोडून घ्यायचं की हसायचं? समितीच्या साहेबांनी विचारलं, काय बिघडलं?

"चूक माझी हाय," अप्पा म्हणाले. "भांडं मीच नीट धुतलं न्हाई."

जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना हे विचारलं, तोच आज हे सांगत होता. समितीनं माना हलवल्या आणि गाडी काढली. महिन्याभरात कुलूप लागलं, ते आजही आहे. जिल्हाही झाला नाही.

त्या संध्याकाळी मी अप्पांबरोबर त्यांच्या घरी गेलो. एकट्याला सोडवेना. अव्वा पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती.

"जमलं का रं? लिंगाचं तीर्थ घातलंय मी त्या पाण्यात. तुझ्या बापासाठीचं काम हाय ते, म्हटलं देवाचा हात लागू दे."



"जमलं की, अव्वा," अप्पा म्हणाले. "तुझ्या तीर्थानंच जमलं."

तिच्या हातातला पेला त्यांनी घेतला, आणि उजेडाकडं न धरता, वास न घेता, ते टँकरचं पाणी पिऊन टाकलं.