स्वयंसेवी शत्रू

शेजारच्या देशाशी युद्ध जुंपलं, तेव्हा सैन्याच्या मदतीला सशस्त्र नागरिक स्वयंसेवक दल उभं राहिलं, आणि गल्लीतल्या एकुलत्या एक चष्मेवाल्यांनी दुकानाला कुलूप ठोकून सगळ्यात आधी नाव नोंदवलं. दलात कामाची वाटणी अनुभवानुसार होती. पावभट्टीवाल्याला तोफखाना मिळाला, कारण त्याला धगीची सवय होती. शहरातले झाडून सारे प्लंबर नदीवरच्या आघाडीला गेले, कारण विषय पाण्याचा होता. चष्मेवाल्यांचा धंदा नजरेचा, म्हणून त्यांना सीमेवरच्या पुलावर टेहळणीला बसवलं. रायफल मिळाली. काडतुसांचं विचारल्यावर साहेब म्हणाले, "मागणी वर पाठवली आहे. तोवर चेहरा कडक ठेवा."

कडक चेहऱ्यानंच चष्मेवाल्यांना एका दुपारी डुलकी लागली. डोळे उघडतात तो समोर परक्या गणवेशातला माणूस, हातात रायफल.

"हात वर!" दोघंही एकदम ओरडले आणि दोघांनीही हात वर केले. दोन्ही रायफली पुलावर आदळल्या.

बराच वेळ गेला. खांदे भरून आले.

"आता?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कोणीतरी शरण जायला हवं," शत्रू म्हणाला. "तुमच्याकडे जेवण मिळतं?"

"वेळेवर."

"मग मी तुमचा कैदी."

चष्मेवाल्यांची छाती फुगली. पाठदुखी असल्यामुळे दोन्ही रायफली कैद्याच्याच खांद्यावर देऊन ते थाटात छावणीत आले.

"कोणी पकडला?" साहेबांनी विचारलं.

"मी. स्वयंसेवक."

"आणि हा?"

"मीही स्वयंसेवकच," कैदी अदबीनं म्हणाला.

साहेबांनी नियमावली मिटली. "सैनिकानं पकडलेला सैनिक म्हणजे युद्धकैदी. स्वयंसेवकानं पकडलेला स्वयंसेवक हा खाजगी व्यवहार. घरी न्या. पळाला तर तुम्हाला आत टाकू."

घरी बायकोनं दार उघडलं. "हे कोण?"

"शत्रू."

"बूट बाहेर काढायला सांगा त्यांना. आणि काही घरी आणायचं असलं की आधी विचारत जा हो!"

शत्रू बघायला सगळी इमारत लोटली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्याला देशाच्या वतीनं उभा-आडवा झोडपला. शत्रू मान खाली घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "माफ करा, पण मोरीतला नळ ठिबकतोय ते ऐकवत नाही. पाना आहे का? मी प्लंबर आहे."

सगळे एकदम पुढे सरकले. युद्ध सुरू झाल्यापासून इमारतीत एक नळ धड नव्हता. मुख्याध्यापकांच्या स्वयंपाकघरात तर घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. त्यांचा आवाज एकदम मऊ पडला. "मघाशी तुमच्या देशाबद्दल जे बोललो ते सर्वसाधारण स्वरूपाचं होतं. जरा वर येता का?"

शत्रूला उसंत मिळेना. बायका त्याला भाऊ म्हणू लागल्या. चष्मेवाल्यांना लोक रस्त्यात थांबवून "तुमचा शत्रू उद्या मोकळा आहे का?" असं विचारू लागले. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसून आपापल्या सरकारला नावं ठेवत. इतकं मोकळेपणानं बोलायला चष्मेवाल्यांना अख्ख्या गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

आणि एके सकाळी तह झाला.

"असा कसा तह?" मुख्याध्यापक तळमळले. "माझी टाकी अर्धी उघडून ठेवलीय त्यानं!"

"आता आपले प्लंबर परत येतील की," चष्मेवाले म्हणाले.

"आपले? ते आधी तरी कधी येत होते?"

चष्मेवाले कैद्याला पुलापर्यंत पोचवायला गेले. डबा त्याच्या हातात देऊन ते म्हणाले, "येत जा अधूनमधून."

"आता कसा येणार?" कैदी म्हणाला. "आता शांतता आहे."

जड पावलांनी चष्मेवाले परतले, तर इमारतीखाली सभा पेटलेली. मुख्याध्यापक स्टुलावर चढून गरजत होते, "हा तह म्हणजे देशाचा अपमान आहे! किती सहन करायचं? एकदाचं होऊनच जाऊ दे!"

"झालं काय?" चष्मेवाल्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"लिफ्ट बंद पडलीय," शेजारी हळूच म्हणाला. "तिकडे मेकॅनिक चांगले आहेत म्हणे."

तुम्ही हसताय. पण परवा बातम्या बघताना 'एकदाचं होऊनच जाऊ दे' असं तुम्हीही म्हणालात. तुमच्याकडे नेमकं काय बिघडलंय?