गेणूतात्यांची शर्यतीची गाडी

गेणूतात्या वायरमन करंट जिभेने चाखत. चेष्टा नाही. एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवायचा, वायरीचं सोललेलं टोक जिभेला टेकवायचं आणि तीर्थ घेतल्यासारखे डोळे मिटून निकाल द्यायचा, "आंबाट लागतंय. म्हंजी बॅटरी जित्ती हाय!" एकदा मलाही चाखायला लावलं. मी शाळामास्तर, इतकी वर्षं खडू खाल्ला, म्हटलं करंटही बघू. दोन दिवस आमटीला चव लागली नाही.

गाडी साधीसुधी नव्हती. कुणा संस्थानिकाची शर्यतीची गाडी, लाल, लांब नाकाची, दोनच माणसांची. संस्थानं गेली, गाडी या हातातून त्या हातात फिरत भंगाराच्या वाटेला लागली. धरणाच्या वीजघरातून निवृत्त झालेल्या तात्यांनी ती पुण्यात घेतली आणि बैलजोडीला बांधून पौडात आणली. ताशी शंभर मैल धावणारी मोटार गावात शिरली ती बैलांच्या शेपट्या बघत. बघायला सारं गाव लोटलं.

"तात्या, म्हातारचळ लागला का काय?" कुणीतरी ओरडलं.

"लागू दे. हिला म्हायारी न्यायचीय," तात्या म्हणाले.

ही म्हणजे चंद्राकाकू. त्यांचं माहेर धरणाच्या पाण्याखाली. काकू बारा वर्षांच्या असताना गाव उठलं. लग्न झालं ते नंतर, परक्याच्या अंगणात. वैशाखात पाणी उतरलं की त्या गावातली घरांची जोती थोडे दिवस उघडी पडतात, मग पुन्हा बुडतात. काकूंना ती एकदा डोळे भरून पाहायची होती. पण गुडघे गेलेले. बैलगाडीच्या हिसक्यांनी कळ मस्तकात जायची. म्हणून मोटार.

"पण तात्या, शर्यतीचीच का?"

"वैशाख लई बिगी सरतोय, मास्तर."



इंजिन ठणठणीत होतं. भानगड सगळी विजेची. दिवा लावला की वायपर फिरायचा. भोंगा दाबला की वळण दाखवणारा पिवळा हात बाजूने टपकन बाहेर यायचा आणि भोंगा मुका. तात्या समजावून सांगत, "अर्थिंग बिघडलंय. करंटाला सोताच्या घरची वाट घावली न्हाई, की त्यो शेजाऱ्याच्या घरात शिरतोय." मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पॉलिशपेपर, असा सगळा दवाखाना मांडून बसायचे. एक सांधा घासला की दुसरा रुसायचा. "किरकोळ हाय," तात्या म्हणायचे. किरकोळ किरकोळ म्हणता दोन वैशाख गेले.

पण त्या दुपारी! गाव पेंगत असे आणि जांभळीखाली उभ्या असलेल्या गाडीत ही दोघं बसलेली असत. काकूंच्या मांडीवर तांदळाचं सूप, तात्यांच्या हातात चाक.

"वाटंवरचं माले गेलं बग मागं. आता डाव्या अंगाला पानी."

काकू खरंच डावीकडे बघत. डावीकडे आमच्या शाळेची मुतारी होती.

"किती निळं हाय वो," काकू म्हणत.

कधी मीही मागच्या पत्र्यावर जाऊन बसे. जांभळीची सावली गाडीच्या नाकावरून हळूहळू सरकायची, पानांतून ऊन हलायचं, आणि खोटं कशाला सांगू, गाडी चालल्यासारखी वाटायची. पाण्याचा गार वारासुद्धा लागायचा. शाळेची घंटा झाली तरी उठवत नसे.

तिसऱ्या वैशाखात एका सकाळी मी ताक मागायला गेलो. तात्यांना चाहूल लागली नाही. त्यांनी दिवा लावला, लागला. भोंगा दाबला, वाजला. पिवळा हात नेमका आला, नेमका गेला. इंजिन सुरू केलं तर मांजरासारखं गुरगुरू लागलं. तेवढ्यात घरात काकूंची काठी वाजली. तात्यांनी झटकन इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर उपटून बंडीच्या खिशात घातली आणि ओरडले, "आज बी न्हाई गं! किरकोळ हाय!"

माझं टाळकंच सटकलं. त्यांना धरून झाडामागे नेलं. "तात्या, लाज वाटते का? दोन वर्षं ती बाई वाट बघतेय!"

तात्या खाली बसले. "वाटती ना लाज. म्हनून तर. त्या पान्याच्या बिजलीवर मी जलमभर पगार खाल्ला, मास्तर. तिच्या म्हायारावर पानी, आन् माज्या ताटात भाकर. गाडी घेतली तवा मोठा जोर आलता. पर कंच्या तोंडानं नेऊ तिला तितं?"

"तोंड राहू द्या. गाडी न्या! नाहीतर मी आत्ता काकूंना सांगतो."

"नगा सांगू, मास्तर." मागे काकू उभ्या होत्या. "मला ठावं हाय. बंडी कोन धुतं? दर खेपंला वायर घावती खिशात."

"मग बोलला का नाहीत?"

"त्येंचं मन तयार व्हईना, त्याला मी काय करू? पर औंदा गुडघं लईच दुकत्यात. फुडल्या सालाचं काय सांगावं?" त्यांनी नवऱ्यापुढे हात पसरला. "द्या ती वायर. न्हाईतर सोता लावा."

तात्यांनी स्वतः लावली.

शर्यतीची गाडी निघाली. मी मागच्या पत्र्याला घोरपडीसारखा चिकटलेलो. काकूंना हिसका बसू नये म्हणून तात्या इतक्या हळू चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, वर हसला. तात्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाणी बरंच खाली गेलं होतं. भेगाळलेल्या चिखलात दगडी जोती पसरलेली, वर सगळं शांत, धुरकट ऊन. काकू माझा हात धरून एकेक घर ओलांडत गेल्या आणि एका दगडापाशी थांबल्या. "ह्यो आमचा उंबरा." त्या आत गेल्या, बिनभिंतींच्या घरात फिरल्या. तात्या लांब गाडीपाशी, आमच्याकडे पाठ करून, कुठलीशी वायर घासत होते.

"अवो, या की!"

"हाय हितं बरा मी."

काकूंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. "जावई दारात आल्यात. आत या म्हनायला माज्याबिगार कोन ऱ्हायलंय हितं?"

तात्या आले. वहाणा काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काकूंनी शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्यावरून ओवाळून टाकला. मला म्हणाल्या, "मास्तर, पाय धुवाया पानी आना." भांडं नव्हतं. मी टोपीतून आणलं. अर्धं वाटेतच गळलं. काकू कण्हत खाली वाकल्या.

तात्यांनी पाय मागे घेतला. त्यांना रडू आवरत नव्हतं. "ह्या पान्यानं नगं गं."

"मग कंच्या? माज्या म्हायाराला आता ह्येच पानी हाय," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा पाय पुढे ओढून धुतला.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. गेणूतात्या उंबरा ओलांडून पहिल्यांदा सासुरवाडीत गेले.