खांबाशेजारचा माणूस

सबनीसकाकांपुढे कुठल्याही लेण्याचं जुनं चित्र ठेवा, ते लेण्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. खिशातून भिंग काढतील, चित्राच्या कोपऱ्यात नाक खुपसतील आणि म्हणतील, "आधी माणूस बघ गं. लेणं कुठे पळून जातंय?"

हा माणूस म्हणजे खांबाला टेकून उभा असलेला, पागोटंवाला, नखाएवढा. दोनशे वर्षांपूर्वी जे साहेब आपल्याकडची पडकी देवळं नि लेणी बघत हिंडले, त्यांनी मायदेशी परतून जाडजूड सचित्र प्रवासवर्णनं काढली. खांब किती उंच ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून चित्रात शेजारी एखादा गावकरी उभा करायची त्यांची पद्धत. सगळे खांब बघतात. काका गावकरी बघतात.

काका इंग्लंडमध्ये, रीडिंग शहरात आमच्या शेजारच्या घरात राहतात. मूळचे पुण्याचे, इथल्या कौन्सिलमध्ये सर्व्हेअर म्हणून जन्म गेला, आता रिटायर. चॅरिटी शॉपमधून आणि लिलावांतून त्यांनी असली पुस्तकं इतकी जमवली आहेत की पाहुण्याला बसवायचं तर आधी खुर्चीवरचा एखादा साहेब उचलावा लागतो. मी घरून काम करते हे कळल्यापासून माझी एकही मीटिंग त्यांनी धड होऊ दिलेली नाही. "म्यूटवर आहेस ना? मग हे बघ!" म्हणत कुंपणावरून पुस्तक पुढे करतात. मी दर वेळी चिडायचं ठरवते आणि दर वेळी चित्र बघत बसते.

"हा धोंडिबा," एकदा त्यांनी ओळख करून दिली. "डावा गुडघा दुखतोय त्याचा. सगळं वजन उजव्या पायावर आहे बघ. हातात साहेबाची छत्री. साहेब बसलाय सावलीत, चित्र काढत."

"नाव कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं नाही, मी ठेवलं. साहेबाने पायऱ्या मोजल्या, खांब मोजले, आणि ज्याला शेजारी उभं करून मोजले त्याचं नाव काही विचारलं नाही. कुणीतरी ठेवायला नको?"

या मंडळींची त्यांनी एक वही केली आहे. नाव, अंदाजे वय, दुखणं, स्वभाव. चित्रांचे ठसे कोरणारा कारागीर लंडनचा, हिंदुस्थान कधी न पाहिलेला. त्यामुळे सह्याद्रीत नारळाची झाडं उगवतात आणि धोंडिबाला सरळसोट ग्रीक नाक येतं. काका त्यालाही उदार मनाने माफ करतात. "नाक चुकलं, पण गुडघा बरोबर आहे."

एकदा लायब्ररीत या चित्रांवर व्याख्यान होतं. पडद्यावर भलं मोठं लेणं आलं आणि काकांचा हात वर गेला. "एक्स्क्यूज मी, हू इज धिस जंटलमन?"

"ओह, ही इज जस्ट फॉर स्केल," वक्ता हसून म्हणाला.

"सर, आय वॉज अ सर्व्हेअर. अ स्केल डझन्ट गेट हंग्री."

वक्त्याने घाईने पुढचं चित्र लावलं. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटली.

सुमनकाकूंना जाऊन या महिन्यात वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी मुलगी अनघा मँचेस्टरहून आली होती. समोर ठेवायला फोटो हवा, म्हणून अल्बम उपसले. मदतीला मीही गेले. अनघाच्या फोनमधले फोटो आजारपणातले, ते काकांना बघवेनात. पासपोर्टच्या फोटोत काकू इमिग्रेशन ऑफिसरला घाबरल्यासारख्या. उरले सहलींचे अल्बम. वेल्समधले किल्ले, यॉर्कशरमधले मोडके मठ, एकेक भव्य कमान, आणि प्रत्येक कमानीच्या पायथ्याशी नखाएवढ्या काकू.

"बाबा, यात तर आईची फेसच दिसत नाही!" इथेच वाढलेली अनघा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, अगदी रडवेली होऊन. "तू तिला इतका लांब का उभा करायचा?"

काका भिंग काढून एकेका फोटोवर वाकत राहिले. फोटोंखाली त्यांचंच रेखीव अक्षर होतं. कमान, बासष्ट फूट, पूर्वेकडून. भिंत, अठरा फूट. पानामागून पान उलटलं, काकूंचं नाव कुठेच नव्हतं.

"'अजून जरा मागे सरक,' म्हणायचो मी," ते शेवटी म्हणाले. "ती सरकायची. उंची कळायला हवी होती ना मला." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "मीही साहेबच निघालो गं."

मी अल्बम जवळ ओढून काकू जरा मोठ्या दिसतील असा फोटो शोधू लागले.

अनघाने एक फोटो फोनवर घेऊन मोठा केला, तर नुसते ठिपके आले. शेवटी काकांनी तो आहे तसा, अख्ख्या कमानीसकट फ्रेम केला.

वर्षश्राद्धाला आलेला प्रत्येक जण हार घातलेल्या त्या कमानीकडे बघून आधी गोंधळायचा. मग फ्रेमला दोऱ्याने बांधलेलं भिंग दिसायचं. ते उचलून, वाकून बघावं लागत होतं. मीही वाकले. साडीवर लाल कार्डिगन, सगळं वजन एका पायावर, हातात काकांची छत्री. आणि त्या कमानीकडे पाठ करून, ऊन डोळ्यांवर घेत, फोटो काढणाऱ्याकडे बघून काकू छान हसत होत्या.

फोटोखालचं जुनं अक्षर काकांनी कागद चिकटवून झाकलं होतं. वर नवीन लिहिलं होतं: 'सुमन. मागे एक कमान.'