पोचा आलेली घागर

ओक्सानाबाई भांडं विकत घेण्याआधी वाजवून बघतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळेच वाजवतात. सगळे टिचकी मारतात, चीर आहे का ते कळायला. या बाई पर्समधून लाकडी चमचा काढतात, डोळे मिटतात, एक ठोका देतात आणि आवाज पार विरेपर्यंत तशाच उभ्या राहतात. मग मान हलवतात. "जवळ आहे. ते नाही." की पुढचं भांडं.

रत्नागिरीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजारांत तपेली विकत मी इथवर आलो. गिऱ्हाईक दारात चप्पल काढतं तोवर ते किती घासाघीस करणार हे मी ओळखतो. पण या बाईंनी माझ्याशी कधी घासाघीस केली नाही. घरात लागणारं काही घेतलंच, तर सांगेन तो भाव देतात नि जातात. मी मुद्दाम चढवून सांगितलेला भाव! हा अपमान नाही तर काय?

बाई युक्रेनच्या. तिथे वाद्यवृंदासाठी संगीत लिहायच्या आणि अख्खा जन्म त्यांनी एका संगीतशाळेत शिकवलं. आमच्या गल्लीतले साळवी बोटीवर इंजिनियर. तिकडच्या बंदरात उतरले, बाईंशी लग्न केलं आणि तिथलेच झाले. युद्ध सुरू झालं तेव्हा दोघं इथे आली. पियानो तिथेच राहिला. पुढे साळवीही गेले. आता बाई जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने सुरावटी लिहितात आणि मधेच जावेला ओरडतात, "कुंदा, तुझा कुकर आज अर्धा सूर खाली आहे!"

"मग काय, डाळ शिजायची नाय?" कुंदावहिनी आतून विचारतात.

माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पितळी घागर पालथी पडलेली असे. धंद्याच्या पहिल्या वर्षी खेडला एसटीच्या टपावरून पडली, मोठा पोचा आला, कोणी घेईना. एके दिवशी बाईंनी जाता जाता तिला ठोका दिला. मान हलली नाही. पुन्हा ठोका दिला.

"हीच," बाई म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, सापडल्या! भाव असा सांगितला की मुका माणूसही भांडला असता. बाई "बरं" म्हणाल्या, चमचा पर्समध्ये ठेवला आणि घागर न घेताच पायऱ्या उतरल्या.

"अहो, काहीतरी बोला की!" मी मागून ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी आठवडाभर तापलेला होतो.

मग कुंदावहिनी आल्या. "काय रे वसंता, पितळेची घागर सोन्याची झाली काय तुझी?"

त्यांनी सांगितलं ते असं. बाईंची शाळा बॉम्बमध्ये पडली. मुलं देशोदेशी पांगली. त्यांच्यासाठी बाई एक रचना लिहितायत, ज्याने त्याने आपापला भाग असेल तिथे बसून वाजवायचा. सुरुवात शाळेच्या घंटेने. ती ऐकली की मुलांना कळेल, तास सुरू झाला. घंटेशिवाय पेन्सिल पुढे सरकत नव्हती. "आणि तो आवाज सापडला कुठे, तर तुझ्या या मेल्या घागरीत!"

मी दुकान बंद केलं. मला येतं ते सगळं केलं. स्वतः ठोकून पोचा काढला, चिंच-मीठ लावून घासली, तोंड दिसेल अशी लखलखीत केली. बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. "भाव नको," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी डोळे मिटून ठोका दिला. काय गोड आवाज! मी खूश. बाईंनी घागरीवरून हात फिरवला.

"पोचा कुठे गेला?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग आधी सांगायचं ना!" मी त्यांच्यावर खेकसलो. चिडलो होतो माझ्यावरच.

आता दर शनिवारी दुपारी बाई घागर घेऊन दुकानात येतात. मी हातोडी घेतो. "अजून थोडं आत," बाई सांगतात. मी ठोकतो. समोरचा कापडवाला ओरडतो, "वसंतशेठ, स्वतःचाच माल काय फोडताय?" बाई डोळे मिटतात, चमचा मारतात, आवाज विरेपर्यंत थांबतात.

"जवळ आहे," म्हणतात. ‘ते नाही’ असं हल्ली म्हणत नाहीत.

एकदा सरळ केलेल्या पितळेत जुना आवाज परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. बाईंना तर माझ्याआधी कळलं असणार, कान त्यांचे. तरी शनिवार आला की मी सकाळीच हातोडी गल्ल्यापाशी काढून ठेवतो.