हरेश्वरभाऊंचं स्वतःचं मत

हरेश्वरभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि त्याच पुस्तकाने त्यांची वाट लावली.

ही गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. घाटकोपरला पंतनगरात, दोन इमारतींच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटं वाचनालय होतं. रविवारी सकाळी तिथे सभासद जमायचे आणि सध्या आपण काय वाचतो आहोत, ते कसं वाटतंय, हे एकेकाने उठून सांगायचं, अशी पद्धत होती. त्या सभेत हरेश्वरभाऊंच्या मताला वजन होतं. आठवडाभर ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत, नट-बोल्ट देत-घेत. रविवारी मात्र इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसत. त्यांचं बोलणं संपलं की माणसं माना डोलवत.

त्यांची रीत साधी होती. पहिलं पान वाचायचं, शेवटचं पान वाचायचं, पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर दोनदा वाचायचा आणि उठून म्हणायचं, "भाषा ओघवती आहे. माणसं जिवंत वाटतात. शेवट मात्र लेखकाने जरा घाईत उरकला आहे." कुठल्याही पुस्तकाचा शेवट घाईत उरकलेला असतो, यावर आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. ही रीत फक्त त्यांच्या बायकोला, जानकीला ठाऊक होती. आणि ती घरातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्यांतली नव्हती.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयाच्या चिटणीस नलिनीताईंनी कुमार विभाग उघडला. नलिनीताई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे मोठी माणसंही त्यांच्यापुढे वर्गात बसल्यासारखी बसत. त्यांनी फर्मान काढलं, "आपली पोरं काय वाचतात ते आपल्याला नको का कळायला? महिनाभर सगळ्यांनी कुमार कादंबऱ्याच वाचायच्या."

पहिल्याच रविवारी मजा आली. नुकतीच दहावीत गेलेली मालन उठून म्हणाली, "मी चोर पकडणाऱ्या मुलांची कादंबरी वाचतेय. चांगली आहे, पण पोरं एवढी हुशार आणि पोलीस एवढे ढ, असं कुठे असतं का?" निवृत्त पोस्टमास्तर राजारामपंत म्हणाले, "मी घरातून पळालेल्या मुलाची गोष्ट वाचली. असली पुस्तकं मुलांच्या हातात अजिबात देऊ नयेत." एवढं बोलून त्यांनी तिचा दुसरा भाग आहे का, अशी हळूच चौकशी केली.

सभा संपल्यावर नलिनीताईंनी हरेश्वरभाऊंच्या हातात एक कोरं पुस्तक ठेवलं. 'कातळबेटावरचा दिवा'. लेखक चंद्रप्रकाश.

"हे तुम्हीच वाचा, भाऊ. चंद्रप्रकाश हे टोपणनाव आहे. मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात, भीमराज म्हणून. पुढच्या रविवारी ते स्वतः येणार आहेत. तुम्ही त्यांच्यासमोर बोलायचं."

घरी जानकीने पुस्तक हातात घेऊन जाडी पाहिली. "या वेळी तरी सगळं वाचा हां. लिहिणारा समोर बसणार आहे. त्याने मधलं काही विचारलं म्हणजे?"

हरेश्वरभाऊंनी पुस्तक तिच्या हातून घेऊन कारखान्याच्या पिशवीत टाकलं. त्यांनी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नाइलाजाने पुस्तक उघडलं, आणि डबा तसाच राहिला.

गोष्ट विसू नावाच्या मुलाची होती. त्याचे वडील भर समुद्रातल्या एका बेटावर दीपगृह सांभाळायचे. एका वादळात ते नाहीसे होतात, आणि पोर एकटं दिवा पेटता ठेवतं. हरेश्वरभाऊ मूळचे वेसाव्याचे कोळी. त्यांचे भाऊ अजून होड्या घेऊन जायचे, आई सखुबाई अजून टोपली घेऊन बाजारात बसायची. समुद्र सोडून हे एकटेच नोकरीच्या मागे इकडे आले होते. पुस्तकातलं वारं त्यांना ओळखीचं वाटलं. संध्याकाळी घरी येताना बसमध्ये ते असे रंगले की पंतनगर मागे राहिलं आणि कंडक्टरने त्यांना शेवटच्या थांब्यावर हलवून उतरवलं.

चौसष्टाव्या पानावर विसू तस्करांपासून पळताना कड्यावरून खाली घसरतो. हातात एक जुनी दोरी, खाली उसळता समुद्र, आणि दोरीचा एकेक पदर तुटतोय. हरेश्वरभाऊंनी श्वास रोखून पान उलटलं.

पासष्टाव्या पानावर रत्ना नावाची मुलगी डोंगरावरच्या एका वसतिगृहात वेणी घालत होती.

पुढे सगळी रत्नाच. तिला आई नाही, मैत्रिणी तिला छळतात, मग एक म्हातारी शिक्षिका तिला जवळ करते, आणि शेवटी ती शिक्षिकाच तिची आजी निघते. विसूचं नाव पुन्हा नाही. हरेश्वरभाऊ पुन्हा मागे गेले, पुढे आले. कुठे काही सुटलं नव्हतं.

"छापणाऱ्याने गोंधळ घातला असेल," जानकी भाकरी थापता थापता म्हणाली. "दुसऱ्याच पुस्तकाची पानं घातली असतील."

"पानांचे आकडे बघ ना! चौसष्ट, मग पासष्ट. टाइप तोच, कागद तोच. गोंधळ कसला?"

"मग तो पोरगा मेला का जगला?"

हा प्रश्न हरेश्वरभाऊंना दोन दिवस छळत राहिला. आणि मग गुरुवारी, बोल्टांची पेटी उघडता उघडता, त्यांना एकदम उलगडलं. लेखकाने मुद्दामच सांगितलं नव्हतं! आयुष्यात असंच नाही का होत? एक माणूस संकटात लटकलेला असतो, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणीतरी शांतपणे वेणी घालत असतं. हरेश्वरभाऊंच्या अंगावर काटा आला. हे मत पाठीवरच्या मजकुरात नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं, पहिलंवहिलं. दोन दिवस ते त्या मताला तान्ह्या मुलासारखं जपत होते.

रविवारी शेड भरली होती. जानकीही मुद्दाम आली होती. भीमराज गुरुजी शांत, लाजरे गृहस्थ. हार घालून घेतानाही अवघडले होते. हरेश्वरभाऊ उठले आणि असे बोलले, असे बोलले की पंखा लावणारा शिपाईसुद्धा दारात थांबला.

"आजवर मुलांच्या कादंबरीत नायक सुटतोच," ते म्हणाले. "चंद्रप्रकाशांनी मात्र विसूला दोरीला लटकत ठेवलं आणि आपल्याला थेट रत्नाच्या वसतिगृहात नेलं. विसूचं काय झालं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही! केवढं हे धाडस!"

मागून आवाज आला, "पण काका, विसू वर येतो ना?" मालन उभी राहिली होती. "मी शाळेत वाचलंय हे पुस्तक. त्याचे वडीलच वरून दोरी ओढतात. आणि रत्ना वगैरे यात कुणीच नाही."

काही लोक हसले. आपल्या तान्ह्याला कोणी चिमटा काढावा, तसं हरेश्वरभाऊंना झालं. "बाळ," ते म्हणाले, "तू दुसरं काहीतरी वाचलं असशील. नाहीतर अर्धवट चाळलं असशील. न वाचता मत देऊ नये. इथे खुद्द लेखक बसलेत. गुरुजी, तुम्हीच सांगा, मी चुकतोय का?"

भीमराज गुरुजींनी हरेश्वरभाऊंकडे पाहिलं, पहिल्या बाकावरच्या जानकीकडे पाहिलं, रुमालाने कपाळ पुसलं. "नाही," ते हळूच म्हणाले, "यांनी जे ओळखलं, ते आजवर कुणीच ओळखलं नव्हतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजारामपंत तर उठून उभे राहिले. "मी ही कादंबरी मागेच वाचली आहे. विसूला तसं सोडून दिलं, तिथेच मला लेखकाचा मोठेपणा कळला होता." आणखी दोघातिघांनी आपल्यालाही तेव्हा असंच वाटलं होतं, असं सांगितलं. मालन लालबुंद होऊन खाली बसली. थोड्या वेळाने तिची जागा रिकामी दिसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हरेश्वरभाऊंच्या दारात आली. हातात 'कातळबेटावरचा दिवा' होतं, मैत्रिणीकडून मागून आणलेलं. "वाचा," एवढंच म्हणाली.

हरेश्वरभाऊंनी उभ्याउभ्याच पासष्टावं पान काढलं. दोरीला वरून हिसका बसला. विसू वर आला. वडील भेटले. रत्नाचा पत्ताच नव्हता. जानकीने दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी धरली, मग मिटून हरेश्वरभाऊंच्या हातात ठेवली.

"बाइंडिंगवाल्याने घोळ केलाय गं, पोरी," हरेश्वरभाऊ कसेबसे म्हणाले. "माझी चूक झाली."

"मला कशाला सांगता? मला खोटं पाडलंत ते सगळ्यांसमोर. सॉरी पण सगळ्यांसमोरच बोला ना." मालनने आपलं पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतलं. "आई म्हणते, मोठ्या माणसांशी वाद घातलास म्हणून तुझंच हसं झालं."

ती गेल्यावर हरेश्वरभाऊंना जेवण गेलं नाही. पण त्यांना एक गोष्ट कळेना. त्यांचं पुस्तक चुकीचं होतं, ठीक. पण लेखकाला आपली गोष्ट ठाऊक नव्हती? तो हो का म्हणाला? दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर त्यांनी मुलुंडला गुरुजींचं घर गाठलं.

भीमराज गुरुजींनी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला. प्रश्न ऐकून ते हरेश्वरभाऊंपेक्षाही जास्त ओशाळले.

"खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा हो."

"मला वाटलं, तुम्ही पुस्तक वाचलेलंच नाही."

हरेश्वरभाऊ खुर्चीवरून अर्धवट उठले.

"म्हणजे, रत्ना काय, वसतिगृह काय, मला वाटलं सगळं जागच्या जागी रचताय," गुरुजी पुढे म्हणाले. "आणि झकास रचत होतात हो! म्हटलं, माणूस एवढ्या लोकांत उभा आहे, समोर मिसेस बसल्या आहेत, कशाला त्याची शोभा करायची? दर वाचनालयात असा एक जण असतोच. मी सांभाळून घेतो."

"पण मी वाचलं होतं!" हरेश्वरभाऊ जवळजवळ ओरडले. "आईशपथ! अख्खं वाचलं होतं! पहिल्यांदाच वाचलं होतं!"

"पहिल्यांदाच?" गुरुजींनी विचारलं.

बाहेर चहाचा स्टोव्ह फरफरत होता. मग, कसं कोण जाणे, हरेश्वरभाऊंनी सगळं सांगून टाकलं. पहिलं पान, शेवटचं पान, घाईत उरकलेला शेवट, सगळं. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे. त्या मुलीचं काय? ती खरं बोलत होती, आणि मी, लिहिणाराच, गप्प बसलो. दोन दिवस तिचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाहीये. रविवारी मीही येतो."

रविवारी भीमराज गुरुजी बोलावणं नसताना आलेले पाहून सगळ्यांना नवल वाटलं. ते स्टेजवर गेले नाहीत. मागच्या बाकावर मालनच्या शेजारी जाऊन बसले. हरेश्वरभाऊ उठले. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मागच्या रविवारी मालन बरोबर होती," ते म्हणाले. "माझ्या प्रतीत अर्धं पुस्तक दुसरंच बांधलेलं आहे. विसू जिवंत आहे. मी तिला म्हणालो, न वाचता मत देऊ नये. ते मी म्हणायला नको होतं. मी तर..." इथे ते मालनकडे वळले. "मी तर वर्षानुवर्षं न वाचताच मतं देत आलोय. पोरी, मला माफ कर."

मागे गुरुजीही उभे राहिले. "चूक माझीही आहे. मला गोष्ट माहीत होती," ते म्हणाले आणि त्यांनी मालनला हात जोडले. मालन घाईघाईने उठली. "असू दे हो, गुरुजी. काका, बसा ना आता."

शेडमध्ये कोणी हसेल, असं हरेश्वरभाऊंना वाटलं होतं. कोणीच हसलं नाही. फक्त मागच्या रविवारी 'आम्हीही वाचलं होतं' म्हणणारी माणसं एकाएकी पत्र्याकडे, पंख्याकडे, चपलांकडे बघू लागली. नलिनीताईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "राजारामपंत, तुम्ही कुठली प्रत वाचली होती?"

राजारामपंतांना जोराचा खोकला आला.

सभा संपल्यावर हरेश्वरभाऊ मान खाली घालून निघाले. कोपऱ्यावर पानवाल्याजवळ कुणीतरी त्यांची बाही ओढली. राजारामपंत होते. चेहरा उतरलेला.

"हरेश्वर, अरे हे तू मला घरी येऊन आधी सांगायचं नाहीस का रे?"

"काय झालं?"

"जावई आला होता रे मागच्या रविवारी जेवायला. नागपूरला मराठीचा प्राध्यापक आहे. तुझं ते लटकलेल्या विसूचं त्याला मी सांगितलं. त्याला एवढं आवडलं, एवढं आवडलं की त्याने रात्रीत लेख लिहिला. 'मराठी कुमार कादंबरीने घेतलेलं नवं वळण' असं लेखाचं नाव. मासिकाचा संपादक त्याचा मित्र. छापायलासुद्धा घेतलाय."

हरेश्वरभाऊंनी विचारलं, "त्यांनी पुस्तक न वाचताच?"

"प्राध्यापक आहे तो. त्याला कुठला वेळ?"

"लेखात माझं नाव आहे का, पंत?"

"नाही रे." राजारामपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी त्याला सांगितलं होतं की हे मला सुचलं. लेखात माझं नाव आहे."

हरेश्वरभाऊंना एकदम हायसं वाटलं. आणि मग राजारामपंतांच्या चेहऱ्याकडे बघून, हायसं वाटल्याची लाज वाटली.